ऑडिटातला वाढदिवस

माझा वाढदिवस ६ एप्रिलला असतो. बँकांच्या शाखांचे लेखापरीक्षण करणाऱ्या कोणत्याही सीएला ही तारीख सांगितली की तो आधी हसतो आणि मग हळहळतो. ३१ मार्चला बँकांचे वर्ष संपते, १ एप्रिलला शाखा ग्राहकांसाठी बंद असतात, आणि त्यानंतरचे आठ-दहा दिवस आमची सगळी जमात पाठीवर सॅक, हातात लॅपटॉप आणि सोबत झोप न झालेला एखादा आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी हाताखाली शिकणारा उमेदवार, घेऊन राज्यभर विखुरलेली असते. त्या दिवसांत घरी असणारा सीए एक तर आजारी असतो किंवा त्याला शाखा मिळालेली नसते, आणि या दोहोंपैकी दुसरी गोष्ट सांगायला जास्त अवघड वाटते. त्याआधी शाळा-कॉलेजात असताना याच दिवसांत वार्षिक परीक्षा असायची. सहामाहीच्या सुमारास जन्मलेल्या मैत्रिणींचे वाढदिवस वर्गात साजरे होत, त्यांच्या हातची चॉकलेटे आम्ही खात असू. माझा वाढदिवस मात्र बहुधा बीजगणिताच्या आदल्या दिवशी येई आणि आई संध्याकाळी औक्षण करताना ‘आता पुन्हा पुस्तक घेऊन बस’ असेही त्याच दमात म्हणत असे. नोकरी-व्यवसायात पडल्यावर परीक्षा देणारी मी परीक्षा घेणारी झाले, एवढाच काय तो फरक पडला.

आईच्या लेखी मात्र ही तारीख खरी नव्हतीच. तिच्या दृष्टीने माझा जन्म चैत्री पौर्णिमेचा, हनुमान जयंतीचा. ६ एप्रिल ही नगरपालिकेच्या दाखल्यापुरती गोष्ट. त्यामुळे लहानपणापासून मला दोन वाढदिवस मिळत आले. तारखेचा वाढदिवस मैत्रिणींचा आणि पुढे नवरा-मुलीचा, तिथीचा आईचा. दोन्ही एकाच दिवशी येणे दुर्मीळ. सर्वसाधारणपणे १९ वर्षांनी तिथी आणि तारखा पुन्हा जुळतात असा हिशोब आहे, आणि त्याप्रमाणे त्या १९९३ आणि २०१२ साली जुळल्याही होत्या. म्हणजे पुढचा योग २०३१चा, असे मी धरून चालले होते. आईने मात्र २०२३चे पंचांग घरात आल्या आल्या मला फोन केला. या वर्षीही पौर्णिमा ६ एप्रिललाच, शिवाय गुरुवार. “एकोणपन्नास पूर्ण होताहेत तुला, तिथी-तारीख एकत्र आली आहे, या वर्षी तरी घरी राहा,” ती म्हणाली. मी ‘बघते’ म्हणाले. ऑडिटच्या दिवसांत ‘बघते’ याचा अर्थ काय होतो, हे तिला माझ्याइतकेच माहीत आहे.

शाखा मिळाली ती बुलढाणा जिल्ह्यातली, नांदुरा आणि खामगावच्या मधल्या एका गावातली. रात्रीच्या गाडीने कल्याणहून निघालो, भुसावळला जाग आली तेव्हा फलाटावर चहावाल्यांची हाक ऐकू येत होती, आणि पहाटे अंधारातच शेगावला उतरलो. ऐन गजानन महाराजांच्या गावात उतरण्याचे कारण भाविकपणापेक्षा व्यवहाराचे होते: आजूबाजूच्या गावांत राहण्याची सोय बेताची, आणि शेगावात यात्रेकरूंमुळे लॉज पुष्कळ. २०२३चे एप्रिलचे कॅलेंडर आमच्यासाठी फार विचित्र होते. १ तारखेला शनिवार आणि वार्षिक हिशोब, २ला रविवार, ४ला महावीर जयंतीची सुट्टी, ७ला गुड फ्रायडे. सुट्टीच्या दिवशी शाखा उघडून बसायला मॅनेजरची तयारी असेल तरच काम वेळेत होणार, आणि तयारी नसली तरी त्याला दुसरा पर्याय नव्हता.

लॉजवर रजिस्टर भरताना काउंटरवरच्या मुलाने माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स काढली, ती रजिस्टरच्या पानाला टाचली आणि सवयीने जन्मतारखेवर पेनाने टिक केली. मग त्याचे पेन थबकले. “मॅडम, परवा तुमचा वाढदिवस हाय,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, जणू नोंदीतली एखादी विसंगती दाखवून देत आहे. मी हो म्हटले. त्याने चावी दिली, गरम पाणी सकाळी सहा ते साडेसातच मिळेल असे बजावले, आणि ६ तारखेला पहाटे पावणेसहालाच माझ्या दाराबाहेर वाफा निघणारी बादली ठेवलेली होती. दुसऱ्या कुणाच्याही दाराबाहेर नव्हती. मी कॉरिडॉरमध्ये डोकावून खात्री करून घेतली, कारण खात्री करून घेणे हा माझा धंदा आहे. आजवर मला ज्या भेटी मिळाल्या त्यांत साड्या आहेत, घड्याळ आहे, एक न उघडलेला ब्लेंडरही आहे. पण त्या बादलीची आठवण काही वेगळीच आहे.

आमच्या व्यवसायात ‘मटेरिॲलिटी’ नावाची एक कल्पना आहे. एसए ३२० हे मानक त्यासाठीच आहे: कोणती रक्कम हिशोबाच्या दृष्टीने महत्त्वाची आणि कोणती सोडून देण्याजोगी, ते कामाला लागण्यापूर्वीच ठरवून घ्यायचे. एक आकडा ठरला की त्याखालच्या चुका दिसल्या तरी त्यांवर वेळ घालवायचा नाही. नाही तर हयात जाईल आणि अहवाल निघणार नाही. मी पंचवीसेक वर्षे ही रेघ मारत आले आहे आणि ती मारायला माझ्या आर्टिकल्सना शिकवलेही आहे. फक्त प्रवासात असताना ती रेघ माझ्याकडून पुसली जाते. घरी असताना बादलीभर गरम पाण्याची दखल घेतली असती असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. घरात आनंदाचीही एक किमान रक्कम ठरलेली असते. परगावच्या लॉजमध्ये, जिथे आपले असे काहीच नसते, तिथे पैसा-अधेलीसुद्धा खात्यावर चढते.

शाखेकडे जाताना जलंबजवळचे रेल्वे फाटक बंद होते. आमचा गाडीवाला वैतागला, पण मला ते फाटक आवडले. जलंबहून खामगावला एक फाटा जातो, जेमतेम १३ किलोमीटरचा. १८७० साली खामगावच्या कापसासाठी तो टाकला गेला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले होते. वऱ्हाडच्या कापसाने त्या काळी मँचेस्टरच्या गिरण्या चालायच्या, म्हणून एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा माणूस. आज त्याच मार्गावरून मोजके डबे लावलेली गाडी मुख्य मार्गावरच्या गाड्यांना जोडण्यासाठी ये-जा करते. ती समोरून गेली तेव्हा खिडकीतल्या एका बाईने आमच्या गाडीकडे बघून हात हलवला. तो आमच्यासाठी नव्हता, फाटकापलीकडे मोटारसायकलवर थांबलेल्या माणसासाठी होता, हे मागाहून कळले. तोवर मीही हात हलवून बसले होते.

शाखा म्हणजे एका दोनमजली घराचा तळमजला. मॅनेजर तिशीचा, आंध्रातला, या गावात दुसरे वर्ष. त्याचे मराठी व्याकरणाने शुद्ध नव्हते, पण ते सरळ वऱ्हाडी होते, कारण ते त्याला ग्राहकांनी शिकवले होते. “मॅडम, तुम्ही काऊन नाश्ता केला नाही?” असे त्याने विचारले तेव्हा माझा आर्टिकल पाणी पिता पिता ठसकला. कामात मात्र मुलगा पक्का होता.

अशा शाखेत काम असते ते मुख्यतः पीक कर्जांचे. इतर कर्जांना हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की ते अनुत्पादक, म्हणजे एनपीए. शेतीच्या कर्जाला हंगामाचा नियम. सोयाबीन-कापसासारख्या कमी मुदतीच्या पिकांचे कर्ज दोन हंगाम थकले तर एनपीए, जास्त मुदतीच्या पिकाचे एक हंगाम थकले तर. म्हणून मार्चअखेर जवळ आली की गावोगावच्या शाखांत एकच शब्द ऐकू येतो: नवे-जुने. जुने कर्ज भरायचे आणि लगेच नवे उचलायचे. भरण्यासाठी कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे आणायचे, आणि नवे हाती आले की ते परत करायचे. कागदावर एक कर्ज संपते आणि एक सुरू होते. शेतकऱ्याच्या घरात काही संपत नाही आणि काही सुरूही होत नाही. आम्ही ऑडिटर नवे-जुने झालेल्या खात्यांकडे जरा डोळे बारीक करूनच बघतो, आणि बघायलाच हवे. पण माझ्या वाढदिवसाच्या दिवशी सकाळी त्या फायली उलटताना वेगळ्याच रकान्यात माझा डोळा अडकला.

तो रकाना जन्मतारखेचा. पहिली फाईल, १ जून १९५८. दुसरी, १ जून १९६१. तिसरी, १ जानेवारी १९५५. चौथी, पुन्हा १ जून. महाराष्ट्रातल्या पन्नाशी-साठीपुढच्या माणसांच्या कागदपत्रांशी ज्याचा संबंध येतो त्याला यात नवल वाटणार नाही. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी शाळेच्या वर्षाला जुळेल अशी तारीख आपल्या हाताने लावून टाकत. मुलगा अंदाजे सहा वर्षांचा, तर सहा वर्षे मागे जाऊन १ जून. म्हणूनच तर ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांमधून निरोपसमारंभांची रांग लागते. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्या माणसाची निवृत्ती आदल्या दिवशी होते. मी हे सगळे जाणून होते. पण नमुन्याला निवडलेल्या चाळीस फायलींत सव्वीस माणसे १ जूनला जन्मलेली निघाली, आणि ती मोजत असताना माझ्या फोनवर एकामागून एक शुभेच्छांचे संदेश येत होते, तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखे झाले. मी दोन-दोन वाढदिवसांपैकी कोणता खरा याचा घोळ घालत होते, आणि समोर सव्वीस माणसांचा मिळून एक होता, तोही गुरुजींनी दिलेला.

साडेअकराच्या सुमारास शाखेचे दफ्तरी, म्हणजे कागदपत्रे सांभाळणारे, आत आले. सगळे त्यांना ‘भाऊ’ म्हणत. व्हाउचरच्या गठ्ठ्यावर त्यांनी कागदाची एक पुडी अलगद ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, हनमान जयंती हाये. सुंठवडा.” पुडी बँकेच्याच एका जुन्या छापील फॉर्मची होती. आत पिवळसर भुरका: सुंठ, पिठीसाखर, किसलेले खोबरे, वर खसखशीचे दाणे चिकटलेले. जिभेवर ठेवला की आधी गोड, मग सुंठेचा झणका टाळूला जाऊन पोचतो. मारुतीचा जन्म सूर्योदयाचा, म्हणून हा प्रसाद पहाटेच वाटतात. भाऊंनी तो आमच्यासाठी सकाळपासून खिशात ठेवला होता आणि पुडीला त्यांच्या अंगाची ऊब होती. आईच्या हातचा सुंठवडा मला पंचवीसेक वर्षांत वेळेवर मिळालेला नव्हता. कुरिअरने येई, पण चार दिवसांनी, गोळा होऊन.

“माझा जन्म हनुमान जयंतीचा,” मी सहज बोलून गेले. ऑडिटरने शाखेत स्वतःविषयी काही बोलू नये असा माझा दंडक आहे. तो त्या सुंठेने मोडला. भाऊ एकदम खूश झाले. मग मी त्यांना विचारले की तुमचा वाढदिवस कधी. ते हसले. “एक जून. गुरुजीनं लावला. येत्या एकतीस मेला रिटायर.” आणि थोडे थांबून म्हणाले, “माय म्हने, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला तू. बैलाच्या शिंगाले बेगड तशीच व्हती म्हने.”

मी पेन खाली ठेवले. पोळा म्हणजे श्रावणातली अमावास्या. त्याचा दुसरा दिवस म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. म्हणजे गणपतीच्या तीन दिवस आधी. मी हे त्यांना सांगितले, एका कोऱ्या कागदावर लिहूनही दिले: भाद्रपद शु. १. “म्हणजे तुम्हाला तिथी आहे, भाऊ. साल नक्की नसेल, पण दिवस नक्की आहे.” साठ वर्षे हे उत्तर त्यांच्या आईच्या एका वाक्यात पडून होते, पंचांगाशी ताडून बघायला कुणी बसले नव्हते, एवढेच. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि बँकेच्या ओळखपत्रामागच्या प्लास्टिकच्या कप्प्यात सरकवला. मग काहीच न बोलता माझ्यासाठी चहा सांगायला गेले. लगेच नवे स्टॉक स्टेटमेंट समोर आले आणि कामाचा रेटा पुन्हा सुरू झाला.

दुपारी मारुतीच्या देवळात पंगत होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. रोडगा हाताने फोडायचा असतो आणि तो फोडण्याचेही एक तंत्र आहे. माझ्या पानातला पहिला रोडगा मी असा फोडला की त्याचा अर्धा भाग शेजारच्या आजींच्या वरणात गेला. त्यांनी तो उचलला, तूप लावले आणि मलाच परत वाढला. चाळीस अंशांच्या उन्हात मंडपाखाली बसून गरम रोडगे खाणे हा शहाणपणा नव्हे, पण वांग्याची ती भाजी खाल्ल्यावर मला मुंबईतल्या वांग्यांची कीव आली. याच सुमारास माझा आर्टिकल नांदुऱ्याहून मोठ्या उत्साहाने केक घेऊन आला. महामार्गालगतच्या १०५ फुटी हनुमानाच्या मूर्तीपाशी जयंतीची गर्दी, त्यात त्याची मोटारसायकल अडकली, आणि खोका उघडला तेव्हा क्रीम पन्ह्यासारखे वाहत होते. माझ्या नावातले पहिले अक्षर तेवढे शाबूत होते. आम्ही तो चमच्याने प्यायलो, असेच म्हणावे लागेल. मॅनेजर म्हणाला की आमच्या गावाकडे अशा केकला पायसम म्हणतील.

अहवालावर सही करायला संध्याकाळ झाली. सहीखाली तारीख लिहायची, मग पोर्टलवर जाऊन त्या अहवालाचा यूडीआयएन, म्हणजे १८ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, काढायचा. पंचवीस वर्षांत कितीतरी अहवालांखाली मी ६ एप्रिल लिहिले आहे. माझी जन्मतारीख इतक्या बँकांच्या कपाटांत, इतक्या शिक्क्यांसह दुसरी कुणाची पडून नसेल. एरवी ती लिहिताना चिडचिड होते. त्या दिवशी झाली नाही, एवढे खरे. शिक्का मारताना शाई जरा फाकली, तेही चालवून घेतले.

परतताना शेगाव स्टेशनवर थांबून कचोरी खाल्ली. इथली कचोरी खुसखुशीत, आत डाळीचे तिखट सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. चटणीची लाडीगोडी नाही. फलाटाच्या टोकाला उभे राहून खाताना पूर्वेकडे चंद्र वर आला, मोठा आणि तांबूस. पंचांगाप्रमाणे पौर्णिमा सकाळी दहाच्या सुमारासच संपली होती आणि आता वद्य प्रतिपदा लागली होती, पण चंद्राकडे बघून ते कुणाला कळले नसते. चैत्री पौर्णिमेला जन्मलेल्यांची ही एक चैन आहे: आपल्या तिथीला, ढग आडवे आले नाहीत तर, आकाशात पूर्ण चंद्र असतोच, शेगावात असो की घरी. मी आईला फोन लावला. तिने देवापुढे पाटावर माझा फोटो ठेवून औक्षण केले होते, आणि ‘फोटोला कुंकू लावताना काचेवर डाग पडला, तो आल्यावर तूच पूस’ असे तिने सांगितले. मी तिला भाऊंची गोष्ट सांगितली. तिने विचारले, “अमावास्या त्या दिवशी किती वाजता संपली होती ते बघितलेस का? नाही तर प्रतिपदा एक दिवस पुढे जाते.” माझ्या व्यवसायातली छिद्रान्वेषी वृत्ती कुठून आली, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

त्या वर्षी श्रावण अधिक आला आणि सगळेच सण महिनाभर लांबले. सप्टेंबरात पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाखेतून मिळवून ठेवलेल्या नंबरावर भाऊंना फोन केला. ते निवृत्त होऊन शेतावर होते, मागे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. माझा आवाज ओळखताच ते घाबरल्यासारखे म्हणाले, “काऊन मॅडम, ऑडिटमदी काई राह्यलं का?”

मी म्हटले, काही राहिले नाही, आज तुमचा वाढदिवस आहे. पलीकडे बराच वेळ नुसती घंटाच ऐकू येत राहिली. मग त्यांनी विचारले, “मंग किती भरले, मॅडम?”

हा आकडा मात्र माझ्याकडेही नव्हता.